घरातल्या प्रत्येकाला एकेक क्रियाविशेषण

मला बघायला येणार होते, म्हणून मी घरच्यांना क्रियाविशेषणं वाटून दिली.

याला कारण मुलाची, म्हणजे समीरची आई. फोनवर त्या सहज म्हणाल्या, "आमच्याकडे काय, सगळे इंग्लिशमध्येच बोलतात!" झालं! आईनं फोन ठेवला आणि मटकन खाली बसली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. (सेकंड क्लास. पण पदवीदानाचा फोटो मात्र दारातून शिरताच डोळ्यांत भरेल एवढा मोठा करून लावलाय.) बाबा केटरिंगची कामं घेतात, काका त्यांच्या भट्टीवर जलेबी काढतात, आणि दोघांचं इंग्रजी 'प्लेट' आणि 'पार्टी'च्या पुढे सरकत नाही.

आणि हे स्थळ हातचं गेलेलं मला परवडणार नव्हतं. समीर इथेच, उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या एका बँकेत आहे. मी तिथे पासबुक छापून घ्यायला जरुरीपेक्षा बऱ्याच जास्त वेळा जाऊन आले होते. खात्यात काडीची हालचाल नव्हती. जी काय होती ती काळजात!

रविवार तोंडावर. तेवढ्यात पूर्ण इंग्रजी शिकवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. मग मला एक अक्कल सुचली. (पुढे सगळ्यांनी याच अकलेचा उद्धार केला.) मी म्हटलं, "हे बघा, वाक्य मराठीत बोला, हिंदीत बोला, फक्त सुरुवातीला एक इंग्रजी क्रियाविशेषण लावा. समोरचा समजतो, यांना सगळं येतं!"

"आणि चुकलं तर?" आई.

"चुकणार कसं? प्रत्येकाला एकच देते. तुला 'ऑब्व्हियसली'. म्हणजे 'उघडच आहे'. बाबा, तुम्हाला 'डेफिनेटली'. म्हणजे 'नक्कीच'."

बाबा खूश. "अरे, म्हणजे आपलं 'हो जाएगा'च की! गिऱ्हाइकाला आपण दुसरं काय म्हणतो?"

इथेच मी सावध व्हायला हवं होतं. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही, हा बाबांच्या धंद्याचा एकमेव नियम आहे.

"काका, तुम्हाला 'फ्रँकली'. म्हणजे 'खरं सांगायचं तर'."

काका विचारात पडले. "हे म्हटल्यावर खरंच बोलावं लागतं का गं, मीनू?"

"लागतं ना," मी म्हटलं. कॉलेजात शिकलेय मी!

रविवारी मंडळी इंदूरहून आली. मी आत ट्रे घेऊन उभी, कान बाहेर. पोहे गेले, जलेबी गेली. समीरची आई चक्क मराठीत म्हणाल्या, "पोहे फारच छान झालेत हं!"

"ऑब्व्हियसली!" आई.

त्या बिचाऱ्या हसून म्हणाल्या, "आमचा समीर तसा दिसायला साधाच आहे हो."

"ऑब्व्हियसली!"

मी आतून पडदा हलवला. आईला वाटलं, शाबासकी! ती आणखी सरसावून बसली. तेवढ्यात समीरचे वडील बाबांकडे वळले. "आमची माणसं जरा जास्त होतील. दीडशे तरी."

"डेफिनेटली!"

"उज्जैनला येतायत म्हटल्यावर सगळ्यांना महाकालचं दर्शन हवं असणार."

"डेफिनेटली!"

"रांगेत उभं न राहता?"

"डेफिनेटली!"

(उज्जैनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाची मंदिरात ओळख असते, अशी बाहेरगावच्यांची पक्की समजूत आहे. आमची ओळख फक्त रांगेत मागे उभ्या असलेल्यांशी होते!)

"पहाटेच्या भस्मारतीला जमेल का, सगळ्यांचं?"

"डेफिनेटली!" बाबांना आता थांबवणं अशक्य होतं. "शिवाय परत आल्यावर गरम नाश्ता. गोडात काय ठेवू, बोला! मूंगाचा हलवा लिहून घेऊ?"

मुलगी अजून बाहेरसुद्धा आली नव्हती आणि बाबांनी ऑर्डर बुक केली होती!

मी घाईघाईनं चहा घेऊन बाहेर आले. आई म्हणाली, "पोहे हिनंच केलेत बरं का."

काकांनी खाकरून घसा साफ केला.

"फ्रँकली," काका म्हणाले, "पोहे मी केलेत."

"भाऊजी!" आई.

"अहो वहिनी, तो शब्द म्हटल्यावर खोटं बोलता येत नाही. मीनूच म्हणाली! और फ्रँकली, हा सोफापण शेजारच्यांचा आहे. संध्याकाळी परत द्यायचाय."

समीरची आई सोफ्यावर जराशा पुढे सरकून बसल्या. समीर मात्र खाली मान घालून खोकत होता. मला वाटलं, गेलं! आता हा काऊंटरवर मला ओळखही दाखवणार नाही.

मग त्याच्या वडिलांनी आम्हा दोघांना बोलायला चहासकट गॅलरीत पाठवलं. समीरनं आडपडदा न ठेवता विचारलं, "तुमच्या मनात काय आहे? घरच्यांनी सांगितलं म्हणून बसलायत, की तुम्हाला हे लग्न करायचंय?"

एवढा सोपा प्रश्न! उत्तर मला केव्हापासून पाठ होतं. पण घरच्यांची अब्रू सावरायची म्हणून मी ताठ झाले आणि म्हटलं, "ॲक्च्युअली..."

"हं?"

"बेसिकली..."

"बरं."

"जनरली..."

आणि गाडी जी थांबली ती थांबलीच! तिन्ही क्रियाविशेषणं रांगेत उभी, मागे वाक्यच नाही. समीरचा चेहरा हळूहळू उतरायला लागला. "नसेल तर राहू दे," तो म्हणाला. "मला वाईट वाटणार नाही." वाटत होतं ते दिसत होतं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात आतून समीरच्या आईचा आवाज आला, "मुलीच्या मनात आहे ना पण? आमचा मुलगा भिडस्त आहे हो."

आणि काकांचा, भट्टीवरून मंडपाच्या दुसऱ्या टोकाला जलेबी पाठवताना असतो तसला खणखणीत आवाज, "फ्रँकली बाई, पोरगी आठवडाभर जेवली नाहीये धड! हेच स्थळ पाहिजे म्हणते, दुसरं कोणी नको. लिहून घ्या!"

समीर माझ्याकडे बघत राहिला. मी गॅलरीतल्या तुळशीकडे. मग तो असा हसला की त्याच्या कपातला चहा बशीत, बशीतला शर्टावर. तसाच तो आत गेला आणि म्हणाला, "आई, पक्कं करून टाक."

बाबा उठून उभे राहिले. "डेफिनेटली!"

तर अशी मी, आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. आणि माझ्या स्वतःच्या लग्नाला माझ्या वतीनं होकार दिला, तो आठवीत शाळा सोडलेल्या काकांनी!