उद्यमबागेतला वाढदिवस

निपाणी स्टँडवरून बेळगावची गाडी सुटली. कंडक्टरनं "एल्लिगे?" (कुठं?) असं विचारलं, तर माझी भाची गौरी त्याला "हॅपी बर्थडे" म्हणाली. तो "थँक्यू" म्हणून तिकिटं देऊन पुढं गेला.

गौरी दहा वर्षांची. ऑटिस्टिक आहे, फारसं बोलत नाही. बेळगावच्या थेरपी केंद्रात तिच्याबरोबर येणाऱ्या ओंकारच्या आईनं तिला त्याच्या वाढदिवसाला बोलावलं होतं. तिला कुणी घरी बोलावण्याची ही पहिलीच वेळ. परत बोलावणं यावं म्हणून मी आठवडाभर ते दोन शब्द तिच्याकडून घोटून घेतले होते.

वंटमुरीच्या घाटात गार वारा लागला. खडेबाजारात कुंदा (आटवलेल्या दुधाची तपकिरी मिठाई) घेतला. दुकानदारालाही शुभेच्छा मिळाल्या.

ओंकारचे वडील उद्यमबागेत एका कारखान्यात कामाला आहेत. घर जवळच. ओंकार फरशीवर लोखंडी नटांची ओळ लावत होता. गौरी त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. टाळ्या त्याला सोसत नाहीत, म्हणून आईनं गुपचूप ओवाळलं. केक आम्ही मोठ्यांनीच खाल्ला. मुलं पाठीला पाठ लावून बसली.

"खेळ की रं तिच्यासंगं," ओंकारचे आजोबा म्हणाले.

"खेळायलाच लागलीत की, आप्पा," ओंकारची आई म्हणाली. "मी त्या ओळीला हात लावला तर घर डोक्यावर घेतोय. तुमी गप बसा."

निघताना कुणी कुणाला टाटा केलं नाही.

परतीच्या गाडीत गौरीची मूठ उघडली. आत एक नट. तिकडं ओंकार रडत असणार, आता कसलं बोलावणं! मी फोन लावून सगळं सांगितलं.

"थांबा आक्का, बघते." थोड्या वेळानं ओंकारची आई म्हणाली, "अवो, रडत न्हाय. मधी एक जागा मोकळी सोडून पुढं लावायला लागलाय. आप्पांनी तिथं दुसरा नट ठेवला, तर उचलून फेकला."

"मी पोस्टानं पाठवते."

"पोस्टानं कशाला? तिलाच घेऊन या की रविवारी."

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. बी.एड.ला मैत्रीवरच्या उत्तराला चांगले गुण मिळाले होते, त्याबद्दल शिक्षकांची मी आजही ऋणी आहे. मोकळ्या जागेचा मुद्दा मात्र त्यात राहून गेला होता.

निपाणी आली. "गौरी, रविवारी परत ओंकारकडं जायचंय."

तिनं मूठ घट्ट मिटली. "हॅपी बर्थडे."

पुढच्या सीटवरच्या आजी वळून म्हणाल्या, "तुलाबी गं, बाळा."