त्यांचा उजवा, माझा डावा

आमच्या घरात चमत्कार हा शब्द चालत नाही. कुणी तो उच्चारला की माझे वडील हातातला पेपर बाजूला ठेवून विचारायचे, "पुरावा?" त्यांच्या शिस्तीत वाढल्यामुळे मी आयुष्यभर वंदना म्हटली, शीलं पाळायचा प्रयत्न केला, दर रविवारी विहारात जाऊन बसले; पण वरून काही खाली येईल म्हणून वाट कधी पाहिली नाही. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्याला काय नाव द्यायचं हे माझं अजून ठरलेलं नाही. जसं झालं तसं सांगते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मला अर्धांगाचा झटका आला. सकाळी पोहे परतत होते आणि हातातलं उलथणं गळून पडलं. उचलायला वाकले तर हात जागचा हलेना. माझी सून स्नेहल ऑफिसला निघाली होती. तिने माझ्या तोंडाकडे एकदाच पाहिलं, लॅपटॉपची बॅग दारातच टाकली आणि धावत जाऊन रिक्षा आणली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. जीव वाचला. पाय फरफटत का होईना, चालायला लागला. पण उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत राहिला, आणि जिभेवरचे शब्द गेले. डोक्यात सगळं जागेवर होतं. पाणी हवंय हे मला कळायचं, 'पाणी' हा शब्दसुद्धा डोळ्यांपुढे उभा राहायचा, पण तोंडातून निघायचं फक्त "पा... पा..." घरातली माणसं प्रेमापोटी लगेच पुढचं ओळखायला धावायची. पांघरूण? पावडर? तहान लागलेली असताना मी दोनदा मुकाट्याने पावडर लावून घेतली आहे.

हे सगळं सोसलं. सोसलं नाही ते निराळंच. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या सकाळी मी बुद्धांच्या मूर्तीसमोर बसले. हात जोडायला गेले तर एकच हात वर आला. 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्रिसरण म्हणायला गेले तर पहिलाच शब्द येईना. बोलायला लागल्यापासून जे पाठ होतं, जे मी झोपेतही म्हटलं असतं, ते कुणी पुसून टाकावं तसं गेलं होतं. मला भीती वाटली. इतकी वर्षं आपण जे म्हणत होतो ती काय फक्त जिभेची सवय होती? जीभ अडली आणि त्याबरोबर धम्मही गेला? ही शंका एकदा मनात शिरली ती निघेना. मी मूर्तीसमोर बसणंच सोडलं. विहारातल्या बायका भेटायला यायच्या, "आता येत जा, नुसतं बसायला या," म्हणायच्या. मी मान हलवायची आणि जायची नाही.

त्यात पलंगाखाली पोती होती. त्यांच्याविषयी सांगायला हवं. आमच्या विहारातल्या आम्ही काही जणी लोकरीची ब्लँकेटं करतो. एक ब्लँकेट कुणी एकटी विणत नाही. ओळखीतल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बायका तळहाताएवढे चौकोन विणून पाठवतात, कुणी दोन सुयांवर, कुणी क्रोशाने. साताऱ्याहून येतात, हिंजवडीच्या हॉस्टेलमधल्या मुली पाठवतात, एक आजी तर प्रत्येक चौकोन जांभळाच विणतात आणि दुसरा रंग सुचवला की रुसतात. आम्ही ते चौकोन एकमेकांना जोडायचे आणि त्यांची पांघरुणं गरजूंना द्यायची. विणायला सगळ्यांना आवडतं, जोडायला कुणालाच नाही. म्हणून जोडण्याचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे. त्या खेपेची ब्लँकेटं खराडीला जायची होती. स्नेहलच्या ऑफिससमोर एक उंच इमारत बांधली जाते आहे. तिथल्या मजुरांच्या मुलांचं पाळणाघर पत्र्याच्या शेडमध्ये भरतं, आणि थंडीत त्या शेडमधल्या फरशीवर मुलं झोपतात. पाळणाघराच्या बाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं होतं, थंडीच्या आत प्रत्येक मुलाला एकेक मिळेल. आता दिवाळी जवळ आली होती आणि चौकोनांची पोती तशीच पडून होती. बाकीच्यांनी थोडे चौकोन नेऊन जोडून पाहिले, पण कडा अशा आवळल्या गेल्या की ब्लँकेटाची टोपली झाली. एकीने ती खरंच कांदे ठेवायला वापरली.

माझं फिजिओथेरपीचं केंद्र हडपसरला. तिथल्या रेणू नावाच्या मुलीच्या अंगात भरपूर चिकाटी आणि जिभेवर भरपूर मिरची आहे. माझ्याच वेळेला लोणी काळभोरचे एक गृहस्थ यायचे. उसाची बागायत, मोठं घर, पांढरे कडक कपडे, गळ्यात तुळशीची माळ आणि आवाज असा की बाहेरच्या रस्त्यावर ऐकू जावा. त्यांचा डावा हात लकव्याने गेला होता. मुलगा गाडीतून आणून सोडायचा आणि ते व्यायामाला सपशेल नकार देऊन बसायचे. "बारकी पोरं हाय का आमी, चेंडू दाबत बसायला?" रेणू म्हणायची, "नको तर नको काका. उद्यापासून तुमच्यासाठी ऊस मागवते, तो दाबा." ते तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहायचे. मला ते जरा उर्मट वाटायचे. खरं म्हणजे मीही आतून भिंतीकडेच तोंड करून बसले होते.

एका सकाळी मी बऱ्याच दिवसांनी मूर्तीसमोर जाऊन बसले. काही म्हणायचा प्रयत्न केला नाही. हात जोडायचाही नाही. मनातल्या मनात एवढंच आलं, की माझ्याकडून आता काही होत नाही, मी इथे आहे. तेवढंच. उठताना, का कोण जाणे, पलंगाखालून दोन चौकोन, लोकर आणि क्रोशाची सुई काढून मी पिशवीत टाकली.

केंद्रात रेणू दुसऱ्या पेशंटकडे गेली तेव्हा मी चौकोन मांडीवर घेतले. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं सुईभोवती वळवली. सुई पडली. पुन्हा वळवली, पुन्हा पडली. मग ती घरंगळत समोरच्या बाकापाशी, त्या गृहस्थांच्या पायाजवळ गेली. त्यांनी ती उजव्या हाताने उचलली, उलटीपालटी करून पाहिली.

"काय हाय हे?"

मी सांगायला तोंड उघडलं. "क्रो... क्रो..." पुढचं येईना. मला वाटलं, आता हे ओळखायला लागतील, नाहीतर कंटाळून सुई देऊन टाकतील. त्यांनी दोन्हींतलं काही केलं नाही. सुई हातात धरून ते माझ्याकडे बघत शांत बसून राहिले. आजारी पडल्यापासून माझ्या शब्दासाठी असं कुणी थांबलं नव्हतं. कुणाला घाई नाही हे माझ्या जिभेलाच जणू कळलं, आणि बऱ्याच वेळाने शब्द बाहेर आला. "क्रोशा."

"आस्सं," ते म्हणाले. मग माझ्या लोंबत्या हाताकडे पाहिलं, स्वतःच्या लोंबत्या हाताकडे पाहिलं. "ताई, तुमचा डावा चालू हाय. माजा उजवा चालू हाय. दोगांत मिळून एक धड मानूस व्हतंय की! काय करायचं ते दावा."

आधी आम्ही शेजारी बसून पाहिलं. हात हाताला आडवे जायला लागले. मग मध्ये छोटं टेबल ओढून समोरासमोर बसलो, आणि तसं बसल्यावर त्यांचा उजवा हात नेमका माझ्या डाव्यासमोर आला. मी दोन चौकोनांच्या कडा एकावर एक धरायच्या, लोकर बोटावर ताणून द्यायची. त्यांनी सुई आत घालून धागा ओढायचा. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या बोटाला इतक्या वेळा टोचलं की रेणू म्हणाली, "काका, मावशींना लकवा झालाय, त्यांना ॲक्युपंक्चर मी सांगितलेलं नाही." पण तिने आम्हाला उठवलं नाही. चेंडू न दाबणारा माणूस घामाघूम होऊन सुई धरतो आहे हे तिने पाहिलं होतं.

जोडायच्या टाक्याला आम्ही 'मुका खांब' म्हणतो. हे नाव त्यांना सांगताना माझी फार ओढाताण झाली. "मु... मुका... खांब." ते एकदम हसले. "म्हंजी तुमीच की!" आजूबाजूचे लोक कावरेबावरे झाले, पण मला इतकं हसू फुटलं की हातातून चौकोन सुटले. आजारानंतर मी हसले ती पहिल्यांदा.

असं रोज चाललं; घरून एकेक पोतं केंद्रात येऊ लागलं. मी त्यांना दादा म्हणायला लागले. टाके आधी वेडेवाकडे आले, मग बरे, मग चांगले. एकदा त्यांनी सहज विचारलं, "ही पोती येत्यात कुठनं?" उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. या वेळी अडले ती आजारामुळे नव्हे. हे उत्तर ऐकून गप्प होणारी माणसं मी जन्मभर पाहिली आहेत. चेहरा तोच राहतो, पण बोलण्यातली ऊब कमी होते. आणि मला या माणसाची सोबत गमवायची नव्हती. तरी म्हटलं, "विहारातून. आमच्या."

दादांनी सुई थांबवली. माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा धागा ओढत म्हणाले, "मंग आपन हितं कशापायी बसतोय? तिथंच बसू की. हितं ही पोरगी सारकी 'हात वर करा' म्हनती."

अशा रीतीने मी पुन्हा विहारात गेले. आणि गेले ती दादांना घेऊन. त्यांच्या मुलाच्या गाडीत मागे पोती, पुढे आम्ही. पायरीपाशी एका हाताने चपला काढताना त्यांचा तोल गेला तसा आमच्यातल्या दोघींनी त्यांना धरलं. "जय भीम, दादा," कुणीतरी सवयीने म्हणालं. "जय भीम, जय भीम," दादा मोठ्या आवाजात म्हणाले, आणि बसायला खुर्ची मागितली.

रविवार होता. आम्ही मागच्या बाजूला टेबल मांडून काम सुरू केलं होतं. थोड्या वेळाने पुढे वंदना सुरू झाली. मी त्यात नव्हतेच. माझं सगळं लक्ष एका अवघड कोपऱ्याकडे होतं, जिथे चार चौकोन एकत्र येतात आणि जरा ढिलाई झाली तर मध्ये भोक राहतं. कडा धरत होते, लोकर सोडत होते. आणि दादा हळूच म्हणाले, "ताई, तुमी म्हनताय."

मला कळलंच नाही. मग ऐकू आलं. इतरांच्या आवाजात माझा आवाज होता. त्रिसरणाचे शब्द एकामागून एक, सरळ, न अडखळता माझ्या तोंडातून बाहेर पडत होते. मी दचकले आणि गप्प झाले. "थांबू नगा," दादा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "म्हना. मी धरतो सुई." मी डोळे मिटले आणि म्हणत राहिले, अगदी शेवटपर्यंत. वंदना संपली. मग जांभळे चौकोन विणणाऱ्या आजी उठल्या आणि त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, असं होतं. लहानपणी पाठ केलेलं, चालीवर म्हटलेलं मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहतं आणि बोलण्याच्या आधी परत येतं. ते खरंच असणार. माझ्या वडिलांनाही हे उत्तर आवडलं असतं. पण त्या दिवशी सकाळी मी सुई पिशवीत का टाकली, ती नेमकी त्याच माणसाच्या पायाशी का गेली आणि ओरडण्यासाठी प्रसिद्ध असलेला तो माणूस माझ्या एका शब्दासाठी गप्प का बसला, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. मला स्वतःलाही फार विचारावंसं वाटत नाही.

ब्लँकेटं थंडीच्या आत झाली. शेवटी शेवटी बाकीच्या बायकाही जोडीजोडीने समोरासमोर बसायला लागल्या, दोन्ही हात धड असूनही, कारण त्यात गप्पा छान होतात. खराडीला आम्ही सगळे गेलो. मुलांनी आपापलं ब्लँकेट स्वतः निवडलं. काहींनी अंगावर घेतलं, काहींनी जमिनीवर पसरून चौकोनांवर लंगडी खेळायला सुरुवात केली. एक छोटी मुलगी दादांनी अगदी सुरुवातीला जोडलेलं वाकडंतिकडं ब्लँकेट घेऊन त्यांच्यासमोर आली आणि हिंदीत विचारलं, हे कुणी बनवलं? दादांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मी दादांकडे. ती दोघांकडे बघून म्हणाली, "झूठ," आणि ते गुंडाळून त्यांच्या पायाशीच झोपून गेली. तिची झोप होईपर्यंत दादांनी पाय हलवला नाही.

त्रिसरणातलं शरण जाणं म्हणजे आपण उठून कुठेतरी जाणं, असं मी समजत होते. त्यासाठी अंगात बळ हवं, जिभेवर शब्द हवा, जोडायला दोन हात हवेत. त्या आजाराने तिन्ही काढून घेतली. तरी मी पोचले, किंवा पोचवली गेले. माझ्या अर्ध्या अंगाला ज्याने आपलं अर्धं अंग लावलं, त्या माणसाविषयी आणि त्याला माझ्यासमोर आणून बसवणारं जे काही असेल त्याविषयी माझं मन कृतज्ञतेने भरलेलं आहे. आता रोज सकाळी मी मूर्तीसमोर बसते, एकच हात छातीशी धरते आणि तो पुरतो.

परवा रेणूने माझा उजवा हात तपासला. बोटांत पकड येते आहे. दादांच्या डाव्या हातातही आली आहे. "आता तुम्ही दोघंही आपापलं वेगळं विणू शकता," ती म्हणाली. दादांनी माझ्याकडे पाहिलं, मी दादांकडे पाहिलं. "जमंना बाई आमाला अजून," दादा म्हणाले आणि टेबल पुढे ओढलं.