विभूती लावलेलं खोड

धोंडप्पाच्या तोंडात फोड आले त्याला वर्ष झालं. आधी भाकरी सुटली, मग आंबील. जिंतूरच्या हकीमसाहेबांनी हात टेकले. त्याच्या बायकोजवळ, नीलम्माजवळ, एकच इलाज उरला होता: दरीतल्या पडलेल्या आंब्याच्या खोडावर कानासारखी उगवणारी कडक अळंबी. सहाणेवर दुधात उगाळून लावली की धोंडप्पा चार घोट दूध घेई अन् म्हणे, "जीव थंड झाला गं."

त्यासाठी ती बोरी गावाहून चार कोस चालायची. माळावरचे वाळके आंबे तिने पालथे घातले होते. तिथे काही नाही. दरीत ऊन पोचत नसे, भर वैशाखात खोड गार लागे, तिथेच ती उगवे.

सन पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात ठेकेदार सरकारी परवाना घेऊन आला अन् दरीतली उभी झाडं पडली. पंधरा दिवसांत अळंबी वाळून खडखडीत झाली.

"आक्का, तुमच्या खोडाला कुऱ्हाड लावली न्हाई हां," लाकूडतोड्या भुजंग म्हणाला.

"खोड ठिवलंस, भुजंगा. सावली तोडलीस की रं."

तो खजील झाला. खालच्या अंगाला एक अळंबी जिवंत होती. तेवढा ओंडका त्याने गाडीत घालून घरी आणून दिला. नीलम्माने तो रांजणाआड ठेवला, वर ओलं तरट टाकलं. आठवड्यात अळंबीच्या कडेला पांढरी कोर फुटली.

"वाढायलाय की!" धोंडप्पा हसला. "मला बी तरटाखाली ठिव. कोंब फुटंल."

सोमवारी लिंगपूजा झाल्यावर तिच्या मनात आलं, ज्याच्यावर धन्याचा जीव तगलाय, त्याला शिवाचं काहीच नको? मग रोज पूजेनंतर ती विभूती पाण्यात कालवून ओंडक्यावर ओतू लागली. अकराव्या दिवशी कोर काळी पडली. बोट लावलं तर अळंबी गळून हातात आली.

ओंडका बघायला आलेल्या भुजंगाने ते पाहिलं अन् तो हळूच म्हणाला, "आक्का, ही बी बुरशीच. डाळीला बुरशी लागू नये म्हणून राख तुमीच चोळता की."

जन्मभर चोळली होती. नीलम्माने गळलेली अळंबी पदरात बांधली.

धोंडप्पाला तिने हे कळू दिलं नाही. मेलेली अळंबीच उगाळून लावली. त्याने दूध तोंडाला लावलं अन् वाटी बाजूला सारली. जीव थंड झाला, असं म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून ती त्याच्या कपाळाला विभूती लावायला आली, अन् बोटं तिथेच थबकली.

"लाव की," धोंडप्पा डोळे मिटून म्हणाला. "माज्यावर कुटं काय उगवायचंय आता?"