अक्कांचा उंची स्वयंपाक

ताटावर आडवा हात धरला की अक्का त्या हातावरच आमटी ओतायच्या. गरम असली तरी. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. ‘आडवा हात खोटा असतोय,’ असे त्यांचे म्हणणे. एकदा भाजलेला पाहुणा पुन्हा हात धरत नसे.

दुष्काळाच्या साली थोरले दीर गेले. अक्कांना लेकीसकट कुंभारीला माहेरी पोचवायचे, असे माझ्या नवऱ्याने ठरवले. पोरीची सोलापुरातली शाळा सुटणार होती. अक्का म्हणाल्या, ‘माझी पोरगी शाळा सोडणार न्हाय.’ आणि मला सोबत घेऊन मिलच्या साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाकाचे काम मागायला गेल्या.

बाईसाहेब फ्रान्सला जाऊन आलेल्या. त्यांना ‘ओत क्विझीन’ हवे होते. अक्कांनी अर्थ विचारला.

‘उंची स्वयंपाक. बड्या घरचा. एकेक पदार्थ वेगळा वाढायचा, थोडासाच, पण देखणा. भाज्या उकळून गाळायच्या आणि नुसतं पाणी प्यायला द्यायचं.’

‘पुरणाचा कट काढतो तसं की. पण पाव्हणा अर्धपोटी उठला तर नाव कुणाचं जाणार?’

‘माझं.’

‘मग जमंल.’

अक्का ते सगळे शिकल्या. गाळून उरलेल्या भाज्या घरी आणून फोडणीला टाकायच्या. उंची स्वयंपाकातला आमचा वाटा तेवढाच.

मग परदेशी पाहुण्यांची मेजवानी झाली. तीच अक्कांची परीक्षा; ती पार पडली तरच काम कायम. मीही हाताखाली मदतीला होते. सगळे नीट चालले होते. शेवटी एका गोऱ्याने ताटली पुसून खाल्ली. अक्का पळी घेऊन पुढे झाल्या. त्याने हात आडवा धरला. रस्सा कोटाच्या बाहीत गेला.

पाहुणे गेल्यावर बाईसाहेब म्हणाल्या, ‘उद्यापासून येऊ नका.’

‘रांधलेलं वाईट झालतं का?’

‘नाही.’

‘मग रांधायला मीच. वाढायला दुसरी ठेवा. ताट दिसलं न्हाय की माझा हात जात न्हाय. ही माझी जाऊ हाय की. हिला आग्रह म्हंजे काय ते ठावंच न्हाय.’

बाईसाहेब हसल्या. काम पक्के झाले, बंगल्यामागची खोलीही मिळाली.

अक्का ट्रंक घेऊन निघाल्या तेव्हा माझा नवरा म्हणाला, ‘वैनी, लोक काय म्हणतील?’

‘म्हणू देत. त्यांना कुटं जेवायला बोलवायचंय?’

पोरीचा हात धरून त्या गेल्या. माझ्याकडे वळून नवरा म्हणाला, ‘तू तितं जायचं न्हाईस.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाकऱ्या थापून झाकून ठेवल्या आणि चप्पल घातली. नवरा पायरीवर बसला होता.

‘कुटं निघालीस?’

‘वाढायला,’ म्हटले, आणि त्याला ओलांडून गेले.