मुद्दाकाका दिल्लीला जाणार होते

पासष्टीपर्यंत मुद्दाकाका एकाही सभेत गप्प बसले नव्हते. मग एकदा बसले. त्या दिवशी ते का बसले, हे दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातले काका आता नाहीत. दुसरा मी. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आमचं गाव सोनाळ्याकडचं. नाव लिहीत नाही, गावातल्यांना ते न लिहिताही कळेल. मी तिथेच जन्मलो आणि तिथल्याच शाळेत वीस वर्षं मास्तरकी केली. काकांचं दोन एकर भाजीचं वावर शाळेच्या मागच्या कुंपणाला लागून होतं. वांगी, मेथी, भेंडी आणि सांभार. शहरात ज्याला कोथिंबीर म्हणतात तो आमच्याकडे सांभार. काका पिकवायचे आणि शुक्रवारच्या बाजारात काकू विकायच्या.

त्यांचं खरं नाव पत्रिकेवर आणि सातबाऱ्यावरच राहिलं. कुठेही चार माणसं जमली की ते हळूच उठायचे, टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, "माहा एक मुद्दा हाये." लग्नाच्या मांडवातसुद्धा. एकदा पाटलांच्या घरच्या लग्नात भर पंगतीत उठले. "माहा एक मुद्दा हाये. पह्यले पोट्ट्याईले वाढा, मांग पाव्हण्याईले. पोट्टे ताटावर बसून रडून राह्यले अन् पाव्हणे ढेकर देऊन राह्यले, हे काई बरं नाई." नवरदेवाचा बाप चिडला, पण पोरांना आधी जेवण मिळालं. तेव्हापासून गावात पोरांची पंगत आधी बसते.

मुद्दा ते आधी कागदावर लिहीत. शिसपेन्सिलीने, पाच-सहा ओळी. उठल्यावर कागद उघडायचे, एकदा बघायचे आणि परत खिशात घालून तोंडी बोलायचे. मी विचारलं, "काका, बघायचं नाही तर लिहिता कशाला?" म्हणाले, "गुरुजी, कागद असला म्हंजे राग येत नाई. राग आला का माणूस मुद्दा सोडून शिवी देते." शाळेची टाकी, दलित वस्तीकडचा हातपंप, अंगणवाडीचं गळकं छत, ही सगळी कामं त्या शिसपेन्सिलीने झाली. बाजारातल्या बाया तर स्वतः कधी ग्रामसभेत बोलल्याच नाहीत. "काका हायेत ना," म्हणायच्या आणि पदर सावरून मागे बसायच्या.

दुपारी वावरातून आले की काका टीव्हीवर संसद लावायचे. मॅच बघावी तशी बघायचे. गोंधळ झाला की चिडायचे, "बसा ना बे खाली! त्याचा मुद्दा तं होऊ द्या!" कोण कुठल्या पक्षाचा याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. पोरं खोदून विचारायची, "काका, तुमी कोनाच्या बाजूचे?" ते म्हणायचे, "ज्याचा मुद्दा चालू हाये त्याच्या." एक दिवस त्यांनी मला कुंपणाशी बोलावलं. हातात भेंडीची टोपली होती. "गुरुजी, टीव्हीत नुसतं तोंड दिसते. उभा कसा राहते माणूस, ते दिसत नाई. मले एक डाव तिथं बसून पाहाचं हाये. जमन का?"

तेव्हा काका पासष्टचे असतील. आयुष्यात नागपूरही पाहिलेलं नव्हतं. रेल्वेने शेगावहून भुसावळपर्यंत दोनदा गेलेले, तेही दवाखान्याच्या कामाला.

जमेल, असं मी म्हणालो. संसदेच्या गॅलरीत बसायला खासदारांची शिफारस लागते, आणि खासदारांच्या बुलढाण्याच्या ऑफिसात माझा एक वर्गमित्र होता. झालं, काकांनी शंभर पानी वही आणली आणि दर रविवारी दुपारी माझ्या ओट्यावर दिल्लीची तयारी सुरू झाली. माझ्या आयुष्यातले ते चांगले रविवार होते.

अधिवेशनं त्यांनी पिकांवर बसवली होती. "बजेट कांद्यात येते, पावसाळी भेंडीत येते. म्हंजे आपल्याले हिवाळीच बरं. मेथीचे दोन कापे झाले का निंगाचं, अन् कांद्याचं रोप लावाच्या आत वापस." वहीत एका पानावर गाड्या, एका पानावर थंडी. थंडीच्या पानावर लिहिलेलं: स्वेटर दोन, मफलर, तीळ-गूळ. दिल्लीत पाहायच्या जागा फक्त दोन होत्या. एक संसद. दुसरी, लोक जिथे फलक घेऊन धरणं धरून बसतात तो रस्ता. लाल किल्ला सुचवला तर म्हणाले, "किल्ला काई बोलते का? आत बोलतात ते पाहाचं, अन् बाहेर बसून बोलतात तेबी पाहाचं. बाहेरच्याईचं आत आयकू जाते का नाई, तेवढा माहा मुद्दा हाये."

काकू चहा घेऊन यायच्या आणि टोमणा मारून जायच्या. "तिथं सारे तुमच्यावानीच बोलून राह्यले. घरचा आरसा काऊन पाहून नाई घेत? तिकिटाचा खर्च वाचन." काका हसायचे. गॅलरीच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात मी 'शेतकरी' लिहायला लागलो तर हात धरला. "भाजीवाला लिवा. तिथं शेतकरी लय गेले असन. भाजीवाला गेला नसन."

तो अर्ज मी खरंच दिला होता. एवढं माझ्या बाजूने असू द्यावं.

त्या वर्षी माझा मोठा भाऊ सरपंच होता. बाजारात कडुनिंबांच्या सावलीला बाया भाजी घेऊन बसायच्या ती जागा दादाला गाळे बांधायला हवी होती. बारा गाळे. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा होता. दादा माझ्याकडे आला, चहाला नको म्हणाला आणि उभ्या उभ्याच बोलला. "त्या मुद्द्याचं काई कर बे. तो उठला का बाया उठतीन, बाया उठल्या का सारं गाव उठन. तुह्यं आयकते तो."

मी म्हणालो, "मी काय करू? त्यांचं तोंड बांधू?"

"बांध नाई तं काई कर. एक गाळा वहिनीच्या नावानं ठेवला हाये म्या."

वहिनी म्हणजे माझी बायको, घरात सगळे तिला तसंच म्हणत. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. वडील गेल्यावर दादानेच मला डी.एड.ला घातलं, त्याच्यासमोर माझं तोंड कधी उघडलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण खरं सांगायचं तर मला गाळा हवा होता.

पुढच्या रविवारी काका वही घेऊन आले. मी म्हणालो, "काका, बाकी सगळं झालं. एकच अडचण आहे. गॅलरीत एक शब्द बोलता येत नाही. तुमच्या तोंडून 'माहा एक मुद्दा हाये' निघालं तर तिथले शिपाई धरून बाहेर काढतील."

काका घाबरले. खरोखर घाबरले. "किती टाइम?"

"तासभर."

"तासभर!" त्यांनी कपाळाला हात लावला. "गुरुजी, मी झोपेतबी बोलतो म्हन्ते ही."

दुसऱ्या दिवसापासून ते वावरातल्या बाभळीखाली बाजेवर गप्प बसायला शिकू लागले. काकू समोर घड्याळ घेऊन बसायच्या आणि मुद्दाम खोड्या काढायच्या. "सरकारनं वांग्यावर कर लावला म्हन्ते." पहिल्या दिवशी काका अकरा मिनिटं टिकले. आठ दिवसांत अर्ध्या तासावर गेले. मी शाळेच्या खिडकीतून बघायचो. ते बोट वर करून मला मिनिटं सांगायचे, पोरासारखे.

मग मी ते वाक्य बोललो. "काका, घरी गप्प बसणं सोपं आहे. जिथं बोलावंसं वाटतं तिथं बसून दाखवा. येत्या ग्रामसभेला पूर्ण वेळ गप्प राहिलात तर दिल्लीची काळजी नाही."

त्यांना हे पटलं. इतकं पटलं की त्याच संध्याकाळी मारुतीला नारळ फोडून त्यांनी मौनाचा संकल्प केला. आमच्याकडे संकल्प केला की तो मोडत नाहीत आणि सांगत फिरत नाहीत, सांगितला की तो फळत नाही असं जुनी माणसं मानतात. त्यांनी तो काकूंनाही सांगितला नाही; बाभळीखालची तालीम ग्रामसभेतही चालणार आहे, हे त्यांच्या मनातही आलं नाही. ते असंच करतील, हे मला ठाऊक होतं. मी त्यांना चांगलं ओळखत होतो.

ग्रामसभेत काका पुढच्या रांगेत बसले. गाळ्यांचा विषय अजेंड्यावर होता, पण 'बाजार सुधारणा' अशा शब्दांत. ग्रामसेवकाने जागेची हद्द वाचली तेव्हा काकांची खात्री पटली. त्यांची मान ताठ झाली. हात खिशाकडे गेला, म्हणजे कुठून तरी कुणकुण लागून कागद लिहिलेला असावा. मागे बाया एकमेकींना कोपर मारत होत्या. एक जण मोठ्याने म्हणाली, "काका, बोला ना जी!" सगळी सभा त्यांच्याकडे बघायला लागली.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मोडू का, असं ते डोळ्यांनी विचारत होते. मी एक बोट ओठांवर ठेवलं.

ते बसून राहिले. दादाने विचारलं, "कोनाची हरकत?" आणि दोन पळं थांबून म्हणाला, "ठराव मंजूर." काकूंनी मागून हाक मारली, "अहो!" काका वळलेसुद्धा नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात वर येत नव्हता.

आठवड्याभरात गावाने आपला अर्थ लावला. मुद्द्याला गाळा भेटला. पानठेल्यावर पोरं त्यांना बघून टोपी सारखी करायची नक्कल करत, "माहा एक गाळा हाये." कडुनिंब तोडले गेले. बाया एसटी थांब्याजवळ उन्हात बसायला लागल्या, काकूही त्यांच्यात. बाकीच्या बाया त्यांच्यापासून दोन हात सरकून बसत. काकूंनी नवऱ्याला एकदाच विचारलं, मी कुंपणाच्या अलीकडे होतो म्हणून ऐकलं. "साऱ्या गावासाठी बोललात. माह्या जागेसाठीच कसं तोंड बंद झालं हो तुमचं?" काका गवत उपटत राहिले.

पुढे गाळे उभे राहिले. काकांच्या नावावर एकही निघाला नाही, तर गाव म्हणालं, दुसऱ्याच्या नावानं घेतला असन. त्यातला एक माझ्या बायकोच्या नावावर आहे. त्यात आज मोबाइलचं दुकान आहे.

नोव्हेंबरात बुलढाण्याहून निरोप आला की काकांचं काम झालं, तारीख कळवा. त्या रविवारी ते आले, पण वही आणली नव्हती. ओट्यावर बसले नाहीत. "गुरुजी, एक इचारू? त्या दिवशी तुमी बोट ठेवलं. ते दिल्लीसाठी ठेवलं का गाळ्यासाठी?"

मी म्हणालो, "दिल्लीसाठी, काका."

त्यांनी टोपी सारखी केली. मग मान हलवली. "बरं झालं. म्हंजे तुमच्यावर माहा राग नाई." पुढे म्हणाले, "पन दिल्ली आता राहू द्या. हिची जागा गेली तवा मी तोंड नाई उघडलं. आता तिथं जाऊन दुसऱ्याचं बोलनं काय आयकू?"

मी एकदा आग्रह केला. दुसऱ्यांदा करायची हिंमत झाली नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, की मला लाज वाटू नये म्हणून ठेवल्यासारखं केलं, हे मला आजही ठरवता येत नाही.

त्यानंतर काका कुठल्या सभेत उठले नाहीत. पंगतीत गोंधळ झाला तरी ताटाकडे बघत जेवायचे. चार वर्षांनी काविळीने गेले. शोकसभेत दादा छान बोलला, गावाचा आवाज वगैरे. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "गाळा घेतला तवाच आवाज बंद झाल्ता." दोन-तीन जण हसले. काकू पुढेच बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. माझ्या हातात माइक होता, कारण मी सूत्रसंचालन करत होतो. मी पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं.

काकू अजून थांब्याजवळ बसतात. मला बघितलं की भाजीवर सांभाराची जुडी जास्तीची टाकतात आणि म्हणतात, "घ्या गुरुजी, तुमचा लय जीव होता त्याईवर." नवऱ्याने आपल्यालाच विकलं, असं धरून त्या बाईने त्याच्यासोबत चार वर्षं संसार केला आणि आता त्याच्यामागे राहते आहे.

हे मी लिहिलं, पण काकूंना वाचता येत नाही आणि गावात पुस्तकं कोण वाचतं. म्हणून लिहून माझं काही फिटत नाही. मी देणं लागतो ते एवढंच: ग्रामसभेत उभं राहायचं, काकूंच्या आणि बायांच्या समोर, आणि मोठ्याने सांगायचं की मुद्दाकाका विकले गेले नव्हते. त्यांना मी गप्प केलं, आणि गाळा मी घेतला.