विज्ञानाचा एक पेपर

बेकरीवाल्याची बी.ए.ची पदवी एका विषयावर अडली होती. कला शाखेच्या प्रत्येकाला विज्ञानाचा एक पेपर द्यावाच लागे, आणि नेमका तोच सोडून तो तरुणपणी वडिलांच्या भट्टीवर उभा राहिला होता. पन्नाशीत त्याने कॉलेजात चौकशी केली. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, “बाकीचे विषय धरले जातील, काका. पण या पेपरासाठी वर्गात बसावंच लागेल.”

वर्ग होता खगोलशास्त्राचा, आणि त्यातच त्याची धाकटी मुलगी होती.

“बाबा, तिथे मला ‘पिल्लू’ म्हणून हाक मारायची नाही हं,” तिने बजावलं.

त्याने शब्द पाळला. पहाटे पाव भाजून झाले की तो शेवटच्या बाकावर येऊन बसे. पण पडद्यावर ग्रह दाखवायला अंधार केला की त्याचा डोळा लागे. एकदा तर तो चक्क घोरला आणि वर्गात खसखस पिकली. मुलगी उठली, तसा तो घाईने सावरून बसला. ती तडक मागे येऊन म्हणाली, “सरका थोडं, बाबा. डोळा लागला की मी चिमटा काढीन.”

सगळं सत्र तिने चिमटे काढले आणि त्याने ते आनंदाने सोसले. पेपरात तो काठावर पास झाला, पण झाला!

पदवी घ्यायला तो मुलीसोबत गेला. “आता तुमचं काही राहिलं नाही, काका,” ऑफिसातल्या बाई म्हणाल्या.

“ते झालंच हो. पण उगीच आपलं आणखी एखाद्या वर्गात बसता येईल का?”

मुलीने कपाळाला हात लावला, पण तिला हसू काही आवरेना.