अर्ध्या वडीची गिऱ्हाइकं

चष्मा नाकावर सरकवत तो म्हणायचा, "तुमचं चालू द्या, मी नुसता बसतो." नव्वदच्या दशकातल्या आलापल्लीत नुसत्या बसणाऱ्या माणसाची धास्तीच वाटायची. असा माणूस एकतर पोलिसांचा, नाहीतर जंगलातल्या नक्षल्यांचा. हा म्हणे साबणाच्या कंपनीचा! पुण्यात मानववंशशास्त्र शिकलेला. माणसांचं शास्त्र शिकून हा साबणवाल्यांकडे काय करतो, हे माझ्यासारख्या किराणा दुकानदाराच्या डोक्यात काही शिरेना. तुम्हाला तरी पटलं असतं का?

बाजाराच्या दिवशी तो दुकानामागच्या छपरीत माझ्या अम्मीजवळ जाऊन बसायचा. कपड्याच्या साबणाची लांब वडी अम्मी दोऱ्यानं कापून विकायची. कापलेला तुकडा पडून राहिला की सुकतो, तडकतो. म्हणून सगळ्या तुकड्यांना गिऱ्हाईक जमेपर्यंत ती दोरा लावायचीच नाही. तोवर बायका बसून राहायच्या. कुणाचा ताप, कुणाची सासू, सगळं तिथं निघायचं. अब्बा गेल्यापासून अम्मीचा आठवडा त्या एका दिवसाच्या गप्पांवर चालायचा.

"भाऊ, हा खबरी तं नाई ना?" एका बाईनं मला हळूच विचारलं. मी त्याची पिशवी चाचपली. चिवडा आणि मळका टॉवेल निघाला. साबणवाल्याचाच टॉवेल मळका!

"काऊन शक करून राह्यला रे? धड जेवत नाई बिचारा," असं म्हणत अम्मी त्याला भात वाढायची. ती तापानं फणफणली तेव्हा तो तिच्या उशाशी बसून होता. तरी माझ्या मनातला खडा जाईना. हा अम्मीसाठी बसलाय की नोकरीसाठी?

मग तो गेला. पुढे कंपनीच्या छोट्या वड्या आल्या. अम्मीच्या तुकड्याएवढ्याच, चकचकीत कागदात. धडाक्यात खपल्या. खोटं कशाला बोलू, मीही खूश होतो.

एका बाजाराच्या दिवशी तो पेढे घेऊन आला. "अम्मी, ही वडी तुमच्यामुळं सुचली!"

अम्मीनं वडीचा वास घेतला. "अच्छी हाय," म्हणाली.

तो छपरीत आपल्या जागी बसला. बायका पुढच्या दारानं येत, दुकानातून वडी घेत आणि चालू लागत. मागं कुणी फिरकेना. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "अम्मी, आज बायका इकडे आल्या नाहीत?"

"आता कायले थांबतीन, बेटा? तुयी वडी कापा लागत नाई ना."

ती रागावून बोलली नव्हती. पण त्याचा चेहरा पार उतरला. तिचा हात धरून तो खाली मान घालून बसला, आणि अम्मीच त्याची पाठ थोपटत राहिली. माझा संशय तेव्हा फिटला. फिटून करायचं काय?

त्यानंतर तो कधी आला नाही. पुढच्या बाजाराला अम्मीनं छपरी झाडली, सतरंजी अंथरली आणि एकटीच बसून राहिली.